पेनड्राइव्हवरून विंडोज टाकताना दर वेळी तिथेच अडतं तेव्हा

भाचीच्या लॅपटॉपवर विंडोज टाकायचा तो तिसरा दिवस होता. पेनड्राइव्ह चार वेळा नव्याने करून झाला होता, आयएसओ (अख्खं विंडोज एकाच फाइलीत बांधलेली प्रत) दोनदा उतरवून झाली होती आणि दर वेळी तेच घडत होतं. भाषा निवडायची, 'इन्स्टॉल' दाबायचं, टक्केवारी सरकत सरकत शंभरावर पोचायची, लॅपटॉप रीस्टार्ट व्हायचा आणि पुन्हा समोर भाषा निवडायचा तोच पडदा. "मावशी, ही आयएसओच खराब असणार गं. परत उतरवू का?" तिने फोनवर विचारलं.

आयएसओ ठणठणीत होती आणि पेनड्राइव्हही. चारही वेळा विंडोजच्या फाइली डिस्कवर व्यवस्थित उतरल्या होत्या. रीस्टार्टनंतर लॅपटॉप डिस्ककडे वळायचं सोडून पुन्हा पेनड्राइव्हकडेच जात होता, कारण तिने बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये) पेनड्राइव्ह पहिल्या नंबरावर ठेवला होता आणि तो पोर्टातच होता. पाचव्या खेपेला मी तिला सांगितलं की रीस्टार्टला पडदा काळा झाला की पेनड्राइव्ह काढून घे. तिने काढला, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा 'गेटिंग रेडी' ही अक्षरं दिसली.

लॅपटॉपसोबत आलेलं विंडोज परत टाकताना काही अडलं की बहुतेकांचा पहिला संशय पेनड्राइव्हवर जातो. मग तो पुसायचा, पुन्हा करायचा, पुन्हा तिथेच अडायचं. यात माणूस रडकुंडीला येतो, मी पाहिलंय. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की पेनड्राइव्हला हात लावायच्या आधी काम नेमकं कोणत्या पडद्यावर थांबतंय ते बघा आणि त्या पडद्याचा फोटो काढा. बहुतेक वेळा अडण्याची जागाच कारण सांगून जाते. खाली मी त्याच क्रमाने गेले आहे, म्हणजे लॅपटॉप चालू करण्यापासून विंडोज अॅक्टिव्हेट होईपर्यंत.

सगळ्यात आधी फोटो आणि कागदपत्रं

विंडोज सुरूच होत नाही म्हणजे आतला डेटा गेला, असं समजून लोक फॉरमॅट मारून मोकळे होतात. तसं करू नका. डिस्क धड असेल तर फाइली आत असतातच आणि विंडोजचा तोच पेनड्राइव्ह त्या बाहेर काढायलाही उपयोगी पडतो.

पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करा. भाषेचा पडदा आला की शिफ्ट धरून एफ१० दाबा. काही लॅपटॉपांवर सोबत एफएन कीही दाबावी लागते. काळी कमांड खिडकी उघडेल. तिथे नोटपॅड असं टाइप करून एंटर दाबा (कमांड अर्थातच रोमन अक्षरांत). नोटपॅडमध्ये 'फाइल', मग 'ओपन'. फाइल उघडायची जी छोटी खिडकी येते, तिच्यात खाली 'ऑल फाइल्स' निवडा. आता याच खिडकीतून सगळे ड्राइव्ह दिसतात. नेहमीचा सी ड्राइव्ह इथे डी किंवा ई नावाने दिसू शकतो, त्याने गोंधळून जाऊ नका. 'यूझर्स' फोल्डरात जा, आपल्या नावाचं फोल्डर शोधा, हव्या त्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'कॉपी' म्हणा आणि बाहेरच्या हार्ड डिस्कवर जाऊन 'पेस्ट' करा. कॉपी किती झालं ते दाखवणारी पट्टी इथे येत नाही. खिडकी थिजल्यासारखी वाटते. थिजू द्या, हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकतोय ना एवढंच बघत राहा. मोठं फोल्डर एकदम न घेता थोडं थोडं घेतलेलं बरं.

ड्राइव्हवर कुलपाचं चिन्ह असेल तर तो बिटलॉकरने बंद आहे. नव्या लॅपटॉपांवर हे कुलूप आपण न सांगताही लागलेलं असू शकतं, आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन करून नव्याने बसवलेल्या विंडोजवर ते आपसूक लागतं. ते उघडायला ४८ आकडी रिकव्हरी की लागते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात, डिव्हाइसच्या नावाखाली साठवलेली असते. फोनवरून लॉग-इन करून आत्ताच शोधून कागदावर उतरवून ठेवा. नुसतं विंडोज नव्याने टाकायला ही की लागत नाही, पण जुना डेटा वाचायचा असेल तर तिच्याशिवाय दुसरा मार्ग नाही. शिवाय बायोसमध्ये सिक्युअर बूट (सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) वगैरे हलवलंत तर जुनं विंडोज सुरू होतानाच ही की मागत बसतं.

मूळ विंडोज म्हणजे काय, आणि त्याची की कुठे असते

विंडोज ७ च्या काळात लॅपटॉपच्या पोटाला एक स्टिकर असायचा आणि त्यावर २५ अक्षरांची प्रॉडक्ट की छापलेली असायची. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून ही की मदरबोर्डवरच्या चिपमध्ये लिहिलेली असते. स्टिकर सापडत नाही म्हणून घाबरू नका. सेटअप सुरू झाला की तो स्वतःच चिपमधून की वाचतो आणि लॅपटॉपसोबत जी आवृत्ती आली असेल, म्हणजे होम, होम सिंगल लँग्वेज किंवा प्रो, तीच निवडतो. बऱ्याचदा तर विचारतही नाही.

हीच गोष्ट उलटी अंगावर येते ती अशी: कुणीतरी मध्येच लॅपटॉपवर प्रो टाकून दिलेलं असतं, तुम्हालाही वाटतं की आपलं प्रोच. नव्याने टाकलं की होम येतं आणि वाटतं आयएसओ चुकीची घेतली. चुकीची नाही, लॅपटॉप विकत घेताना होमचेच पैसे मोजले होते.

विंडोजबरोबर कंपनीची स्वतःची साधनं, ड्रायव्हर (एकेक भाग विंडोजला चालवता यावा म्हणून लागणारं सॉफ्टवेअर), सगळं अगदी डबा उघडला तेव्हा होतं तसं हवं असेल तर मायक्रोसॉफ्टच्या साध्या आयएसओने ते मिळणार नाही. त्यासाठी लॅपटॉप कंपनीचं रिकव्हरी साधन वापरायचं. डेलचं ओएस रिकव्हरी टूल आहे, एचपीचं क्लाउड रिकव्हरी टूल आहे, लेनोवोचंही यूएसबी रिकव्हरीचं साधन आहे. लॅपटॉपचा सर्व्हिस टॅग किंवा प्रॉडक्ट नंबर दिला की त्या मॉडेलची नेमकी प्रतिमा पेनड्राइव्हवर उतरते. डेलला १६ जीबीचा आणि एचपीला ३२ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो. माझं स्वतःचं मत विचाराल तर साधं विंडोज टाकून ड्रायव्हर नंतर घ्यावेत, लॅपटॉप हलका राहतो. पण ज्यांना वाय-फायचा ड्रायव्हर शोधणं, साठवणीचा ड्रायव्हर लोड करणं या भानगडीत पडायचं नाही, त्यांनी कंपनीचंच साधन वापरावं. पुढच्या निम्म्या अडचणी त्यांना येणारच नाहीत.

पेनड्राइव्ह

चालू असलेल्या दुसऱ्या विंडोज कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल चालवा आणि निदान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह लावा. त्यावरचं सगळं पुसलं जाईल. बाकी काम ते टूल करतं.

आयएसओ वेगळी उतरवून तिच्यातल्या फाइली पेनड्राइव्हवर हाताने कॉपी करायला गेलात तर इन्स्टॉल डॉट विम नावाच्या फाइलीशी अडतं. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला असतो, फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही आणि ही एकच फाइल त्याहून मोठी असते. म्हणून रूफससारखं साधन वापरा, ते यातून स्वतः वाट काढतं. रूफसमध्ये 'पार्टिशन स्कीम' जीपीटी (डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशनं, नोंदायची नवी पद्धत) आणि 'टार्गेट सिस्टिम' यूईएफआय (लॅपटॉप सुरू करायची नवी पद्धत) ठेवा.

हाताशी फक्त मॅक किंवा लिनक्स असेल तर एक सावधगिरी. लिनक्सची आयएसओ जशीच्या तशी पेनड्राइव्हवर लिहिली तर चालते, विंडोजची चालत नाही. आयएसओ पेनड्राइव्हवर लिहिणाऱ्या बलेना एचरला विंडोजची आयएसओ दिली की तो इशारा देतो, त्याकडे दुर्लक्ष करू नका. लिनक्सवर व्हेंटॉय वापरा, मॅकसाठी मात्र तो नाही. पेनड्राइव्हवर एकदा व्हेंटॉय बसवला की आयएसओ फाइल नुसती कॉपी केली तरी पुरते.

पेनड्राइव्ह लावलाय, पण लॅपटॉप त्याच्याकडे बघतच नाही

लॅपटॉप बंद करून चालू करताना एफ१२ दाबत राहिलात तरी थेट जुनं विंडोजच उघडतं, अशी तक्रार फार असते. यात बोटांचा दोष नसतो. विंडोज ८ पासून 'शट डाउन' म्हणजे पूर्ण बंद नसतं. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज आपला गाभा डिस्कवर लिहून झोपतं आणि पुढच्या वेळी तिथूनच उठतं. त्यामुळे की पकडायला वेळच मिळत नाही. शिफ्ट दाबून धरून 'शट डाउन' करा, म्हणजे खरंखुरं बंद होईल. जुनं विंडोज उघडत असेल तर त्याहून सोपं म्हणजे शिफ्ट धरून 'रीस्टार्ट' म्हणा आणि निळ्या पडद्यावर 'यूझ अ डिव्हाइस' मधून पेनड्राइव्ह निवडा.

बूट मेनूची की कंपनीगणिक वेगळी असते. डेल आणि लेनोवोला एफ१२, एचपीला एस्केप आणि मग एफ९, असूसला एस्केप, एमएसआयला एफ११. एसरलाही एफ१२, पण काही मॉडेलांवर आधी एफ२ ने बायोसमध्ये जाऊन 'एफ१२ बूट मेनू' चालू करावा लागतो. लेनोवोच्या काही लॅपटॉपांच्या कडेला टाचणी जाईल एवढं भोक असतं, लॅपटॉप बंद असताना ते दाबलं की मेनू येतो.

मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसू शकतो, एकदा नावाआधी यूईएफआय लिहिलेला आणि एकदा नुसता. यूईएफआय लिहिलेलाच निवडा. पुढे डिस्कच्या पडद्यावर जी एक ठरावीक चूक दिसते तिचं मूळ इथे, या दोन ओळींत असतं.

पेनड्राइव्ह मेनूत येतच नसेल तर तो हबमधून काढून थेट लॅपटॉपच्या पोर्टात लावा, दुसरं पोर्ट बघा. सिक्युअर बूट बंद करा असा सल्ला सर्रास दिला जातो. मायक्रोसॉफ्टच्या टूलने केलेल्या पेनड्राइव्हला त्याची गरज नाही, त्यावर मायक्रोसॉफ्टचीच सही असते. व्हेंटॉयला पहिल्या खेपेला पडद्यावर विचारून त्याची की मंजूर करून घ्यावी लागते, तेवढं केलं की तोही सिक्युअर बूट चालू असताना चालतो.

डिस्कची यादी रिकामी

भाचीचं काम झाल्यावर महिन्याभराने तिने मला एक फोटो पाठवला. तिच्या मैत्रिणीचा लॅपटॉप होता, नवा. 'व्हेअर डू यू वॉन्ट टू इन्स्टॉल विंडोज' हा प्रश्न आणि त्याखाली यादीच्या जागी नुसता पांढरा चौकोन. तळाशी पिवळ्या त्रिकोणाशेजारी ओळ, 'वुई कुडन्ट फाइंड एनी ड्राइव्हज'. मैत्रिणीला दुरुस्तीच्या एका ठिकाणी सांगितलं होतं की एसएसडी गेली, बदला. तीच एसएसडी बायोसमध्ये नाव आणि आकारासकट दिसत होती. म्हणून आधी बायोसमध्ये बघा. तिथे डिस्कचं नाव दिसत असेल तर डिस्क जिवंत आहे, सेटअपला तिच्यापर्यंत पोचता येत नाहीये एवढंच. बायोसमध्येही नसेल तर मात्र डिस्क सैल आहे किंवा खरंच गेली आहे, आणि मग पेनड्राइव्ह कितीही वेळा केला तरी उपयोग नाही.

सेटअपला डिस्क न दिसण्याचं नेहमीचं कारण इंटेलचं व्हीएमडी. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या पुष्कळ लॅपटॉपांत एसएसडी थेट न जोडता या व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरमागे जोडलेली असते. कंपनीने जे विंडोज बसवून दिलं त्यात या कंट्रोलरचा ड्रायव्हर होता, तुमच्या आयएसओत तो नसेल तर सेटअपला डिस्क दिसणार नाही. यावर दोन उपाय आहेत आणि मला पहिला जास्त आवडतो.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर लॅपटॉप कंपनीच्या सपोर्ट पानावर जा, आपलं नेमकं मॉडेल निवडा आणि 'स्टोरेज' खाली इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजीचा ड्रायव्हर घ्या. तो बहुधा ईएक्सई फाइल म्हणून येतो आणि लोक इथेच फसतात: ती फाइल तशीच पेनड्राइव्हवर टाकतात. सेटअपला ईएक्सई चालत नाही, त्याला आयएनएफ नावाने संपणारी फाइल आणि तिच्या भोवतीच्या फाइली हव्या असतात. म्हणून ती ईएक्सई आधी उलगडून घ्यायची. काही कंपन्यांच्या फाइलीत 'एक्स्ट्रॅक्ट' असा पर्याय असतो, काहींची फाइल सेव्हन-झिपने उघडते, आणि इंटेलची स्वतःची सेटअप फाइल कमांड खिडकीतून 'एक्स्ट्रॅक्टड्रायव्हर्स' हा पर्याय देऊन चालवली की ड्रायव्हर वेगळे काढून देते. उलगडल्यावर जे फोल्डर निघेल ते जसंच्या तसं विंडोजच्याच पेनड्राइव्हवर ठेवा.

मग सेटअपच्या त्या रिकाम्या पडद्यावर 'लोड ड्रायव्हर', 'ब्राउझ', आणि ते फोल्डर. आत व्हीएमडी नावाचं उपफोल्डर असेल तर ते निवडा. यादीत एक ओळ येते, तिच्यात व्हीएमडी कंट्रोलर असं लिहिलेलं असतं. तिच्यावर क्लिक करून 'नेक्स्ट'. काही सेकंद काहीच होत नाही, आणि मग त्या पांढऱ्या चौकोनात डिस्क तिच्या सगळ्या पार्टिशनांसकट उभी राहते. मैत्रिणीची अख्खी एसएसडी अशी समोर आली तेव्हा ती पोरगी फोनवर अक्षरशः ओरडली.

दुसरा उपाय म्हणजे बायोसमध्ये व्हीएमडी बंद करणं. सोपा आहे आणि चालतोही. पण डिस्कवर जुनं विंडोज असेल आणि ते तुम्हाला अजून ठेवायचं असेल तर हा पर्याय हलवल्यावर ते सुरू होणार नाही, निळा पडदा येईल. कोरं टाकणार असाल तर हरकत नाही, फक्त एकदा ज्या स्थितीत टाकलं त्याच स्थितीत तो पर्याय पुढे राहू द्या.

डिस्क दिसते, पण 'नेक्स्ट' दाबता येत नाही

इथे खालची ओळ नीट वाचा. 'सिलेक्टेड डिस्क इज ऑफ द जीपीटी पार्टिशन स्टाइल' असं असेल तर तुम्ही बूट मेनूत यूईएफआय नसलेली ओळ निवडली होती. डिस्कला काही करायचं नाही. लॅपटॉप बंद करा, पुन्हा बूट मेनूत जा, यूईएफआय लिहिलेली ओळ निवडा, बस्स. या एका चुकीपायी लोकांनी आख्ख्या डिस्का पुसल्याचं मला माहीत आहे, म्हणून एवढं ठासून सांगते.

उलट ओळ असेल, म्हणजे डिस्कवर एमबीआर (जुन्या पद्धतीचं) पार्टिशन टेबल आहे आणि ईएफआय सिस्टिमवर फक्त जीपीटी चालतं, तर डिस्कची पद्धत बदलावी लागेल. डेटा काढून झाला असेल तर शिफ्ट आणि एफ१०, मग डिस्कपार्ट, मग 'लिस्ट डिस्क'. आकार बघून आपली डिस्क कोणती ते ठरवा, पेनड्राइव्हही याच यादीत असतो. मग 'सिलेक्ट डिस्क' आणि तिचा आकडा, 'क्लीन', 'कन्व्हर्ट जीपीटी'. 'क्लीन' म्हटलं की त्या डिस्कवरची सगळी पार्टिशनं एका क्षणात जातात, आणि ते तुम्हाला पुन्हा विचारत नाही. म्हणून एंटर दाबण्याआधी आकडा दोनदा वाचा आणि बाहेरची हार्ड डिस्क आधीच काढून ठेवा.

पार्टिशनांच्या पडद्यावर काय पुसायचं, हा सगळ्यांचा प्रश्न. डिस्क ० वर १०० एमबीच्या आसपासचं सिस्टिम, १६ एमबीचं एमएसआर, मोठं प्रायमरी आणि एक-दोन रिकव्हरी अशी पार्टिशनं दिसतात. डी ड्राइव्हवर डेटा ठेवलेला असेल तर ते पार्टिशन आकारावरून ओळखा आणि त्याला हात लावू नका. बाकीची पुसून जी 'अनअलोकेटेड' जागा तयार होईल ती निवडून 'नेक्स्ट' म्हणा, लागणारी छोटी पार्टिशनं सेटअप स्वतः करतो. कंपनीचं रिकव्हरी पार्टिशन पुसलं तर ते कायमचं गेलं, तेव्हा ते आपल्याला हवंय का हे आधी ठरवा. विंडोज ११ च्या २४एच२ पासून सेटअपचा चेहरा बदलला आहे. त्यात सुरुवातीलाच 'एव्हरीथिंग विल बी डिलीटेड' अशा अर्थाच्या ओळीपुढे खूण करायला लावतात. ती वाचून पुष्कळ जण धास्तावतात. डिस्क आणि पार्टिशन निवडायचा पडदा त्यानंतरही येतो. जुनाच सेटअप हवा असेल तर त्याच पानावर 'प्रीव्हियस व्हर्जन ऑफ सेटअप' असा दुवा आहे.

टक्केवारी मध्येच थांबते

०एक्स८००७०२५डी किंवा ०एक्स८००७०५७० असा आकडा येऊन सेटअप थांबला तर फाइली वाचताना किंवा लिहिताना बिघडल्या आहेत. इथे मात्र पेनड्राइव्हवर संशय घ्यायला जागा आहे, पण एकट्या त्याच्यावर नाही. माझा अनुभव असा की दर वेळी नेमक्या त्याच टक्क्याला थांबत असेल तर आयएसओ किंवा पेनड्राइव्ह बिघडलेला निघतो. कधी १२ ला, कधी ६० ला, कधी शेवटाला असं वेगवेगळ्या ठिकाणी थांबत असेल तर मी रॅम आणि डिस्क तपासायला घेते. सर्टयूटिलच्या हॅशफाइल कमांडने आयएसओचा एसएचए-२५६ आकडा काढून मायक्रोसॉफ्टने दिलेल्या आकड्याशी ताडून बघा. तो जुळला तर आयएसओ निर्दोष. पेनड्राइव्ह दुसरा घ्या. खोटी क्षमता छापलेले पेनड्राइव्ह असतात, ते ६४ जीबी म्हणतात आणि काही जीबींनंतर लिहिलेलं गिळून टाकतात. मग रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा. रॅममधली एकच चिप गेली असेल तरी फाइल उलगडताना नेमकी तिथे चूक होते आणि खापर पेनड्राइव्हवर फुटतं. डेल आणि एचपीच्या लॅपटॉपांत कंपनीची तपासणी आतच असते, डेलला एफ१२ च्या मेनूत आणि एचपीला एफ२ ने.

'अ मीडिया ड्रायव्हर युअर कॉम्प्युटर नीड्स इज मिसिंग' अशी ओळ आली तर आधी पेनड्राइव्ह दुसऱ्या पोर्टात लावून बघा. जुन्या लॅपटॉपवर विंडोज ७ टाकताना अशाच अर्थाची ओळ पुष्कळदा येते, कारण विंडोज ७ मध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हरच नाही. निळी जीभ असलेलं पोर्ट सोडून काळं निवडलं की पुष्कळदा सुटतं.

विंडोज टाकलं, आता वाय-फाय नाही

विंडोज ११ पहिल्या सुरुवातीला इंटरनेट मागतं आणि वाय-फायचा ड्रायव्हर नसेल तर तिथेच बसून राहतं. टचपॅडही मेलेला असू शकतो, म्हणून यूएसबी माऊस जवळ ठेवा. इंटरनेटसाठी अँड्रॉइड फोन केबलने लावा आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये मुळातच आहे, त्यामुळे काही न बसवता जोडणी मिळते. आत शिरलात की विंडोज अपडेट चालवा, बहुतेक ड्रायव्हर तिथूनच येतात. राहिलेले लॅपटॉप कंपनीच्या पानावरून घ्या, चिपसेट आधी, बाकी नंतर.

अॅक्टिव्हेशन

इंटरनेट मिळालं की ते आपोआप व्हायला हवं. सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम' आणि मग 'अॅक्टिव्हेशन' उघडा. होत नसेल तर आधी लॅपटॉपची तारीख आणि वेळ बघा. बायोसची बॅटरी संपली असेल तर तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली असते, आणि तारीख चुकलेली असली की मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणीच होत नाही. त्यानंतर आवृत्ती बघा, होमच्या कीवर प्रो अॅक्टिव्हेट होणार नाही.

लॅपटॉप विंडोज ८ चा होता आणि त्यावर पूर्वी १० रीतसर चालू झालेलं होतं, तर की मागितल्यावर 'आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की' म्हणा आणि तीच आवृत्ती टाका. त्या मशीनचा परवाना मायक्रोसॉफ्टकडे नोंदलेला असतो. मात्र १० टाकायचं की नाही हा विचार करा, त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूटची सोय, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते, शिवाय प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत असावा लागतो.

मदरबोर्ड बदलला असेल तर चिपमधली कीही त्याच्याबरोबर गेली. अशा वेळी 'ट्रबलशूट' मध्ये 'आय चेंज्ड हार्डवेअर ऑन धिस डिव्हाइस रीसेंटली' हा पर्याय आहे. परवाना आधीच मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेला असेल तर तिथून मागता येतो. म्हणून लॅपटॉप चांगला चालत असतानाच एकदा त्या खात्याने लॉग-इन केलेलं असू द्या.

एवढं करूनही अडत असेल तर सेटअपने स्वतः लिहिलेली नोंद वाचा. अडलेल्या पडद्यावरच शिफ्ट आणि एफ१०, मग नोटपॅड, आणि एक्स ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरातलं पँथर हे फोल्डर. त्यातली सेटअपईआरआर डॉट लॉग ही फाइल उघडा आणि तळाला जा. मदत मागताना त्या शेवटच्या ओळींचा फोटो, अडलेल्या पडद्याचा फोटो आणि लॅपटॉपच्या पोटावरचा पूर्ण मॉडेल नंबर असं तिन्ही एकत्र द्या. भाची आता मला फोन करायच्या आधी हे तीन फोटो पाठवते.